फुरफुरी चढ चढेना

“वहिनी, त्या सायकलीला जोर नाही म्हणून आपलं घर सुखात आहे. तू नसत्या भानगडीत पडू नकोस,” असं नणंदेनं फोनवर अगदी स्वच्छ शब्दांत बजावलं होतं. पण लांब राहणाऱ्या नणंदेचा सल्ला ऐकायचा असतो, मानायचा नसतो, हे कुठल्याही सुनेला वेगळं शिकवावं लागत नाही. शिवाय त्या वेळी वहिनीच्या एका हातात पोरीला भरवायचा चमचा होता, दुसऱ्या हातात पोरीनं थुंकलेला घास होता, आणि फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये कसाबसा तग धरून होता. अशा अवस्थेत माणूस “हो, हो” म्हणतो. तीही म्हणाली, आणि विसरून गेली.

ती सायकल म्हणजे फुरफुरी. नाव पोरीनं ठेवलेलं. साध्याच सायकलीच्या सांगाड्यात, दोन्ही पायांच्या मधोमध, सासऱ्यांनी एक चिमुकलं टू-स्ट्रोक इंजिन बसवून घेतलं होतं. दुधाच्या पातेल्याएवढं इंजिन, वर पाण्याच्या बाटलीएवढी टाकी, आणि मागच्या कॅरिअरवर पोरीची पट्टेवाली खुर्ची. सासरे आयुष्यभर टंकलेखन शिकवायचे. फुरफुरीवरही ते टंकलेखनाला बसल्यासारखेच बसत. पाठ ताठ, कोपरं अंगाशी, बोटं ब्रेक आणि क्लचवर हलकेच टेकलेली, आणि नजर समोर. हँडलकडे बघणं म्हणजे त्यांच्या मते कळफलकाकडे बघून टाइप करण्यासारखं होतं. नवशिक्यांचं लक्षण.

आता कुणी म्हणेल की इतकी जपणारी आई, जी द्राक्षाचेसुद्धा चार तुकडे करून देते, तिनं पोरीला इंजिनाच्या सायकलीवर बसू दिलंच कसं? तर त्याचं कारण सोपं होतं. फुरफुरीला वेगच नव्हता. तिनं स्वतः खात्री करून घेतली होती. सपाट रस्त्यावर सासरे इंजिन पूर्ण पिळून चालले असताना ती बाजूनं चपला घालून चालत गेली होती, आणि मध्येच एका ओळखीच्या बाईशी दोन शब्द बोलून पुन्हा त्यांना गाठलंही होतं. इतकं सुरक्षित वाहन जगात दुसरं नसेल.

अडचण होती ती टेकडीची. पोरीची बालवाडी टेकडीवर. अर्ध्या चढावर, वळणापाशी आलं की फुरफुरीचा आवाज बदलायचा. आधी ती कुरकुरायची, मग कण्हायची, मग तिला उचकी लागायची आणि ती मान टाकायची. पुढचा चढ सासरे खाली उतरून, सायकल ढकलत, मागे गाणी म्हणणाऱ्या नातीसकट चढायचे. एके दिवशी बालवाडीच्या बाईंनी तिला बाजूला घेतलं. “राग मानू नका, पण आजोबा येतात तेव्हा त्यांचा रंग बघवत नाही. काल मी त्यांच्यासाठी खुर्ची आणली, तर मलाच म्हणाले, तुम्ही बसा.”

ती हादरलीच. त्या दिवसापासून तिच्या मनात दोन भीती समोरासमोर उभ्या ठाकल्या. एक वेगाची आणि दुसरी सासऱ्यांच्या काळजाची. डॉक्टरांनी चढ-उतार जपून करायला सांगितलं होतं. नवरा म्हणाला, “मग बंद करू. मी ऑफिसला जाता जाता सोडेन तिला.” सासरे समोर पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं नाही. नंतर बराच वेळ ते तेच पान वाचत होते, आणि त्या पानावर नुसती टायरची जाहिरात होती. घरातलं हे एकच काम त्यांच्या नावावर उरलं होतं. बाकी सगळं त्यांच्या हातून कुणी ना कुणी प्रेमानं काढून घेतलं होतं.

तेव्हा तिनं ठरवलं की फुरफुरीला जोर आणायचा. ती रसायनशास्त्राची पदवीधर होती, घरात पोर होती, आणि पोरीला झोपवताना एक हात मोकळा असतो. त्या मोकळ्या हातानं तिनं फोनवर इंजिनांचे इतके व्हिडिओ पाहिले की शेवटी पोरीला अंगाईऐवजी पिस्टनचा आवाज लागला तरच झोप येऊ लागली.

ही बातमी इमारतीत फुटायला वेळ लागला नाही, आणि बातमी फुटली की पहिले हजर होतात ते जेटकाका. विमानांच्या कारखान्यात नोकरी केलेला माणूस. ते तिथे स्क्रू मोजून द्यायच्या विभागात होते ही गोष्ट वेगळी, पण बोलताना विमान त्यांनी एकट्यानंच उडवलेलं असायचं.

“पोरी, इंजिन म्हणजे काय? श्वास. आत घ्यायचा, बाहेर सोडायचा. हिचा श्वास कोंडलाय. सायलेन्सर उघड.”

“आवाज वाढेल ना, काका?”

“ताकदीला आवाज असतोच.”

सायलेन्सरच्या आत एक जाळीदार नळी होती, ती तिनं काढली. ताकद तेवढीच राहिली. आवाज मात्र असा आला की तळमजल्यावरच्या काकूंच्या फडताळातली भांडी एकमेकांशी बोलू लागली. पोर दचकून उठली आणि संध्याकाळपर्यंत तिच्या कडेवरून उतरली नाही. काकू वर आल्या. त्या भांडायला आल्या की आधी तब्येतीची चौकशी करतात. “बरी आहेस ना? पोर बरी? सासरे बरे? मग हे काय आरंभलंयस?” तिनं नळी परत बसवली.

मग तेल. या इंजिनाला पेट्रोलमध्येच तेल मिसळून द्यावं लागतं. मोजायला तिनं पोरीची जुनी, निवृत्त झालेली दुधाची बाटली घेतली, कारण त्यावर रेघा असतात. इथपर्यंत सगळं शास्त्रशुद्ध होतं. पण बाटली हातात आली आणि पदवी बाजूला पडून आई पुढे झाली. रेघेपर्यंत तेल ओतल्यावर तिला वाटलं, एवढ्याशानं काय होतंय, अशक्त आहे बिचारी, थोडं आणखी घालू. थोडं आणखी घातलं. मग एक चमचा वरून. अंगी लागेल.

अंगी लागलं नाही. फुरफुरीनं सगळं तेल धूर करून परत दिलं. त्या निळसर ढगात सासरे दिसेनासे झाले, फक्त त्यांचा खोकला दिसत होता म्हणायचा. काकूंच्या दोरीवर पांढऱ्या चादरी वाळत होत्या. त्यानंतर त्या पांढऱ्या म्हणवल्या नाहीत. या वेळी काकूंनी तब्येतीची चौकशी केली नाही.

“काही नाही, जरा जास्त भरवलं गेलं,” ती म्हणाली.

“अगं, इंजिन आहे ते. ढेकर काढायला खांद्यावर घेतेस की काय?”

जेटकाकांनी आता नवीनच पिल्लू सोडलं. म्हणाले, जोर वाढवलास तर कायद्यानं ही सायकल राहत नाही, वाहन होते. झालं. ती पोरीला कडेवर घेऊन वाहतूक कचेरीत गेली. खिडकीमागचा कारकून पंख्याकडे पाठ करून बसला होता, आणि त्याच्या डोक्यावरचे मोजके केस एकाच दिशेला सलाम करत होते.

“पॅडल आहेत?” त्यानं विचारलं.

“आहेत.”

“मग सायकल. सायकल आमच्याकडे येत नाही.”

“पण इंजिनही आहे.”

“मग मोटार. पण मोटारीला पॅडल नसतात.”

“म्हणूनच विचारायला आले. आहे ते नेमकं काय आहे?”

कारकुनानं बराच वेळ पोरीकडे पाहिलं, जणू उत्तर तिला माहीत असावं. मग म्हणाला, “बाई, ती चढ चढते का?”

“नाही.”

“मग सायकल. चढायला लागली की या.”

मागच्या रांगेतलं कुणीतरी फिसकन हसलं. सुशिक्षित माणसाचा अपमान कागदावर होत नाही, तो असा रांगेत होतो. ती मान वर करून बाहेर पडली, आणि पायरीवर पोरीची एक चप्पल पडली म्हणून तीच मान खाली घालून परत आली.

त्या अपमानाच्या भरात तिनं शेवटचा उपाय हाती घेतला. व्हिडिओत सांगितलं होतं की इंजिनात हवा शिरते त्या तोंडाच्या कडा खडबडीत असतात, त्या घासून गुळगुळीत केल्या की श्वास मोकळा होतो. तिनं पोरीची नखं घासायची कानस घेतली आणि दोन दुपारी बसून घासलं. काम सुंदर झालं. पण पुन्हा जोडताना मधली गॅस्केट, म्हणजे दोन लोखंडी तोंडांच्या मध्ये हवा निसटू नये म्हणून ठेवायची जाडसर चकती, फाटली. दुकान बंद होतं. तेव्हा तिची नजर पोरीच्या चित्रांच्या पुस्तकाकडे गेली. चांगलं जाड पुठ्ठ्याचं पुस्तक. त्यातलं हत्तीचं पान पोरीनं आधीच चावून सुटं केलं होतं. तिनं हत्तीच्या पोटातून नेमकी चकती कापली आणि बसवली. एवढा मोठा प्राणी, तो एवढीशी हवा अडवणार नाही का?

आणखी एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. फुरफुरीवर जिथे जिथे पोरीचा हात पोचेल तिथे तिथे आईनं बंदोबस्त करून ठेवला होता. इंजिन बंद करायचं लाल बटण पोर सारखी दाबायची, म्हणून तिनं बटणाची तार काढून ठेवली होती. त्यामुळे सासरे वेगाची मूठ सोडून, इंजिन मंद करून, क्लच आणि ब्रेकनं ते गुदमरवून बंद करायचे. पेट्रोलचा छोटा नळ पोर फिरवायची, म्हणून त्यावर चिकटपट्टीचे इतके वेढे दिले होते की त्याचा कांदा झाला होता. एका लहान मुलीपासून ती सायकल पूर्णपणे सुरक्षित होती.

चाचणी संध्याकाळी, इमारतीसमोरच्या मैदानात. पोरीला बसवायचा प्रश्नच नव्हता. पण वजन तर तेवढंच हवं, म्हणून खुर्चीत बटाट्यांचं पोतं ठेवलं आणि पट्ट्यांनी घट्ट बांधलं. मग तिला उगाचच राहवेना, म्हणून तिनं पोत्याच्या डोक्यावर पोरीचं पिवळं हेल्मेटही चढवलं. सवय.

सासऱ्यांनी चार पॅडल मारली, क्लच सोडला, आणि फुरफुरीनं जो आवाज काढला तो फुरफुर नव्हता. तो एखाद्या मोठ्या, रागावलेल्या डासाचा होता. सासरे निघाले. निघाले म्हणजे दिसेनासे झाले, आणि मैदानाला वळसा घालून दुसऱ्या बाजूनं उगवले.

“सूनबाई, जोर आला,” ते जाता जाता म्हणाले.

तिचं ऊर भरून आलं. ते पुन्हा आले तेव्हा म्हणाले, “मूठ सोडलीय.” आणि गेले. मूठ सोडलीय तर कमी का होत नाही, हे तिला कळेपर्यंत ते परत आले होते. हत्तीनं हवा अडवली नव्हती. हवा बाजूनं आत शिरत होती आणि इंजिन कुणाचंही न ऐकता स्वतःच्या मर्जीनं पळत होतं.

“बटण,” सासरे पुढच्या फेरीत म्हणाले.

“तार काढलीय, बाबा,” ती त्यांच्या पाठीला म्हणाली.

“का?” हे त्यांनी एक अख्खी फेरी मारून विचारलं.

“पोर दाबते म्हणून.”

“बरं केलंस,” पुढची फेरी.

जेटकाका धावत आले. “नळ फिरवा, पेट्रोलचा नळ.” सासऱ्यांनी हँडलकडे न बघता हात खाली घातला, चिकटपट्टीचा कांदा चाचपला आणि हात परत जागेवर नेला. “काका, सोलावा लागेल तो,” ती रडवेली होऊन म्हणाली. “चाकू द्या त्यांना कुणीतरी,” जेटकाका म्हणाले, आणि लगेच त्यांचं त्यांनाच काय ते समजून गप्प झाले.

तेवढ्यात काकू गॅलरीत आल्या आणि त्यांची किंकाळी मैदानभर गेली. “अगं, पोर. मागे पोर आहे. पोर फेकली जाईल.”

“काकू, पोर माझ्या कडेवर आहे.”

काकूंनी तिच्याकडे पाहिलं, कडेवरच्या पोरीकडे पाहिलं, पुन्हा त्या पिवळ्या हेल्मेटकडे पाहिलं. “मग ते कोण?” त्यांनी विचारलं, आणि मटकन खाली बसल्या.

पोत्याचं तोंड सुटलं होतं. वळणावळणाला एक बटाटा हेल्मेटखालून डोकावून बाहेर उडी घेत होता. पोर टाळ्या पिटत होती. आईच्या डोळ्यांपुढे मात्र डॉक्टरांचं तोंड, नणंदेचं तोंड, आणि मैदानाच्या कडेची ती सिमेंटची भिंत. प्रत्येक वळणावर भिंत आणि सासरे यांच्यामधलं अंतर ती नजरेनं मोजत होती. नेमका त्याच वेळी नवरा ऑफिसातून आला. समोरून वडील येताहेत बघून त्यानं बॅग खाली ठेवली आणि बस थांबवायला करतात तसा हात केला. बस थांबली नाही. बॅगेला मात्र वळसा घालून गेली.

अखेर टाकी आटली. आवाज चिरकला, अडखळला आणि मेला. फुरफुरी आपोआप मैदानाच्या मध्यावर येऊन थांबली आणि सासरे एक पाय टेकून तसेच ताठ बसून राहिले. बटाटे सगळीकडे.

नवऱ्याचा चेहरा पांढराफटक होता. “झालं एवढं पुरे. उद्यापासून ही बंद. आणि बाबा, बालवाडीचंही…” त्यानं वाक्य पुरं केलं नाही. करायची गरज नव्हती. सासरे उतरले, हात धुवायला वर निघून गेले.

ती सायकल ढकलत जागेवर घेऊन आली. सवयीनं तिनं सगळं तपासायला घेतलं. ब्रेक ठीक. चाकं ठीक. मग क्लच दाबून बघितला. क्लचही ठीक होता. अगदी लोण्यासारखा. क्लच दाबला की इंजिन आणि चाक यांचा संबंध तुटतो. इंजिन कितीही बोंबललं तरी सायकल ब्रेकनं थांबते. हे तिला ठाऊक होतं, आणि सासऱ्यांना तर रोजचंच होतं. त्यांची बोटं सबंध वेळ त्या क्लचवर टेकलेली तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती.

ती वर गेली. सासरे स्वयंपाकघरात पाणी पीत होते. नवरा आत कपडे बदलत होता. तिनं आवाज उतरवून विचारलं, “बाबा, क्लच दाबला असता तर थांबली असती ना?”

“असती.”

“मग?”

सासऱ्यांनी भांडं पालथं घातलं. “सूनबाई, आयुष्यभर लोकांच्या बोटांना वेग शिकवला. मी आपला खुर्चीत.” मग जरा थांबून म्हणाले, “पहिल्या दोन फेऱ्या घाबरलो होतो. खोटं कशाला बोलू?”

“आणि नंतर?”

ते हसले. या घरात आल्यापासून तिनं त्यांना इतकं दात दाखवून हसताना कधी पाहिलं नव्हतं. धक्क्यावर धक्के म्हणतात ते हे. अपघात होता होता राहिला याचा धक्का एकीकडे, आणि तो अपघात नव्हताच याचा दुसरीकडे.

“पोर मागे असती तर?” तिनं विचारलं, कारण तिला विचारावंच लागलं.

ते एकदम गंभीर झाले. “पोर मागे असती तर मी सुरूच केली नसती. तुझ्या त्या हत्तीच्या चकतीवर माझा विश्वास नव्हता.”

“मग मला बोलला का नाहीत?”

“तू इतक्या हौसेनं कापत होतीस.”

आता काय करावं? नवऱ्याला सांगावं तर सासऱ्यांचं बालवाडीचं काम कायमचं गेलं. न सांगावं तर उद्या काही झालं की जन्माची बोचणी. तिनं अर्धंच सांगितलं. चूक माझ्या गॅस्केटची, तारेची आणि चिकटपट्टीची, असं ती म्हणाली. त्यात खोटं काहीच नव्हतं, आणि खरं जे होतं ते तिनं पोटात ठेवलं. नवरा शेवटी म्हणाला, “ठीक आहे. आधी ते एकटे, रिकाम्या सायकलीवर तो चढ चढून उतरून दाखवू देत. मग बघू.”

मग तिनं जे आधीच करायला हवं होतं ते केलं. इंजिनाच्या वाटेला गेलीच नाही. दुकानातून खरी गॅस्केट आणली, बटणाची तार जोडली, नळ सोलला, आणि मागच्या चाकावरचं साखळीचं दातेरी चक्र काढून मोठं बसवलं. मोठं चक्र असलं की सायकल हळू जाते पण रेटते. जेटकाका म्हणाले, “यात विमानाचं काहीच नाही.” ती म्हणाली, “म्हणूनच, काका.”

आज ती चढाची परीक्षा होती. सासरे मघाशी निघाले. ती पोरीला खांद्यावर घेऊन गॅलरीत उभी राहिली. समोरच्या इमारतींमागून आवाज वर वर जात होता, दमानं, एका लयीत. वळणापाशी नेहमी कण्हायचा तिथे तो कण्हला नाही. पुढेही गेला. मग बंद झाला. वर पोचून त्यांनी बटण दाबलं असेल, असं ती स्वतःला समजावते आहे. पण त्याला आता बराच वेळ झाला आणि उतरायचा आवाज काही येत नाही. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, असं तिनंच त्यांना शपथ घालून सांगितलंय, त्यामुळे ते उचलत नाहीत. नवरा ऑफिसात आहे. जेटकाकांना पाठवावं तर ते सगळ्या इमारतीला सांगत जातील. आणि पोर आत्ताच कुठे मानेला मिठी मारून झोपलीय.

म्हणून तिची तुम्हाला एक विनंती आहे. तुम्ही नाहीतरी बसलाच आहात. तेवढं जरा टेकडीकडे जाऊन येता का? बालवाडीच्या फाटकाशी एक बाक आहे. त्यावर एक ताठ बसलेले म्हातारे गृहस्थ नुसतेच खाली गावाकडे बघत असतील तर काही विचारू नका, हाकही मारू नका, तसेच परत या. त्यांचा रंग नेहमीसारखा आहे ना, एवढंच लांबून बघा. बाकावर नसतील तर वळणावर बघा. तिनं पाठवलंय हे मात्र सांगू नका. आणि ते उतारावरून येताना दिसले, तर कृपा करून आधी बाजूला व्हा.